मिचेसीच्या पायथ्याशी : मलावीतील सेवाकार्याची दैनंदिनी

रविवार, २ जुलै २०२३ : पुणे

फ्रेडी चक्रीवादळ फेब्रुवारीच्या आरंभी ऑस्ट्रेलियाच्या वायव्येस निर्माण झाले. सारा हिंदी महासागर ओलांडून ते मोझांबिकवर दोनदा आदळले आणि मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात त्याने दक्षिण मलावीला दिवसच्या दिवस झोडपून काढले. मृत आणि बेपत्ता मिळून त्या लहानशा देशातली हजाराहून अधिक माणसे गेली आणि पाच लाखांहून अधिक लोक बेघर झाले. फालोंबे जिल्ह्यातील एक पाळक काही वर्षांपूर्वी ईश्वरविज्ञानाच्या शिक्षणासाठी पुण्यात राहत होते आणि दर रविवारी आमच्या मराठी उपासनेला येत. वादळानंतर त्यांचा जो पहिला संदेश आला, त्यात मदतीची मागणी नव्हती. चिखलाखाली गेलेल्या माणसांची नावे होती आणि ती आमच्या उपासनेत वाचावीत एवढीच विनंती होती. आम्ही ती वाचली, आणि आज निघण्याचा निर्णय त्या वाचनातूनच झाला.

मंडळीच्या सभेत एका वडिलांनी (मंडळीतील ज्येष्ठ सेवकांना आम्ही वडील म्हणतो) विचारले होते, "मराठवाड्यात पाण्याचे हाल काय कमी आहेत, की एवढे विमानभाडे घालून आफ्रिकेला जायचे?" हा प्रश्न रास्त आहे आणि त्याला घाईने उत्तर देऊ नये असे मला वाटते. मलावीत चारांपैकी तिघांहून अधिक लोक ख्रिस्ती आहेत. त्यामुळे सुवार्ता ऐकली नाही अशांकडे आम्ही चाललो आहोत, असा आव आणण्यात काही अर्थ नाही. ज्यांनी आमच्याबरोबर गुडघे टेकले त्यांच्या घरी दुःख झाले आहे, म्हणून आम्ही जात आहोत. प्रत्येकाने आपले भाडे स्वतः भरले असून मंडळीचे अर्पण केवळ औषधे आणि हातपंपांच्या कामासाठी राखून ठेवले आहे.

आमच्यात पाळकसाहेब आहेत, एक तरुण डॉक्टर आहेत, हातपंप दुरुस्तीत आयुष्य घालवलेले मूळ जालन्याचे काका आहेत, तरुण संघातील दोन मुले आहेत आणि परिचारिका म्हणून मी आहे. परदेशी डॉक्टरला तेथे परवान्याशिवाय रुग्ण तपासता येत नाहीत. तो परवाना फालोंबेच्या पाळकांनी खटपट करून आधीच मिळवून ठेवला होता. रात्री खंडाळ्याच्या घाटात मुसळधार पाऊस होता आणि मुंबईच्या विमानतळावर पोहोचेपर्यंत आमच्यापैकी कोणीही फारसे बोलले नाही.

सोमवार, ३ जुलै : मुंबई, अदिस अबाबा, ब्लँटायर

अदिस अबाबामार्गे दुपारी ब्लँटायरच्या चिलेका विमानतळावर उतरलो. माणसे सारी पोहोचली, औषधांची खोकी मात्र आली नाहीत. त्यांत लहान मुलांच्या न्यूमोनियासाठी पाण्यात विरघळणाऱ्या अमॉक्सिसिलिनच्या गोळ्या होत्या, जलसंजीवनीची पाकिटे आणि झिंक होते, मलेरियाच्या तपासणीचे संच होते. काकांनी आपल्या मलेरिया-प्रतिबंधक गोळ्याही त्याच सामानात ठेवल्या होत्या. विमान कंपनीच्या खिडकीवरील मनुष्याने सभ्यपणे एक अर्ज भरून घेतला आणि पुढच्या विमानाने सामान येईल असे सांगितले. पाळकसाहेबांनी तेथेच, सामानाच्या थांबलेल्या पट्ट्याशेजारी प्रार्थना केली. खोकी सापडू देत असे त्यांनी मागितलेच, पण "आज जे आमच्या हातात आहे ते वापरायला शिकव" असेही मागितले. त्या क्षणी मला या दुसऱ्या मागणीचे महत्त्व वाटले नव्हते.

मंगळवार, ४ जुलै : ब्लँटायर

आफ्रिकेत प्रवास केलेले मिशनरी डेव्हिड लिव्हिंग्स्टन यांच्या स्कॉटलंडमधील जन्मगावावरून या शहराला ब्लँटायर हे नाव पडले. सकाळी आम्ही येथील सेंट मायकेल अँड ऑल एंजल्स हे देवालय पाहिले. ते १८८८ ते १८९१ या काळात उभे राहिले. बांधकामाचे रीतसर शिक्षण नसलेल्या एका मिशनरी पाळकाने आणि येथील कारागिरांनी, याच मातीच्या, नाना आकारांच्या विटा घडवून ते बांधले. पुण्यात गुरुवार पेठेतले पवित्र नाम देवालय १८८५चे आहे. पंचहौदच्या त्या मनोऱ्याखाली लहानाची मोठी झालेली मी त्या विटांना हात लावून उभी राहिले आणि त्याच दशकात इकडेही माणसे भिंत रचत होती या विचाराने मला मोठा धीर आला.

दुपार रांगेत गेली. देशात परकीय चलनाची टंचाई असल्याने इंधन केव्हा मिळेल याचा भरवसा नव्हता. आमच्या चालकाने पंपावर गाडी लावली आणि संध्याकाळी अर्धी टाकी घेऊन तो परतला. दरम्यान डॉक्टर आणि मी औषधांच्या दुकानांतून जे मिळाले ते घेतले. काकांच्या गोळ्या मिळाल्या, जलसंजीवनी मिळाली, मुलांचे अमॉक्सिसिलिन मात्र अगदी थोडे मिळाले. हातपंपांचे सुटे भाग येथे सहज मिळतात आणि ते काकांनी स्वतः पारखून निवडले.

बुधवार, ५ जुलै : ब्लँटायर ते फालोंबे

लिंबे आणि थ्योलो ओलांडताना दोन्ही बाजूंना चहाचे मळे होते आणि बारीक, गार पाऊस पडत होता. या दिवसांत मोझांबिककडून येणाऱ्या या भुरभुरीला येथे चिपेरोनी म्हणतात. मुलांजेचा डोंगर ढगांत होता. त्याचे सापित्वा हे शिखर तीन हजार मीटरहून किंचित उंच आहे. मुलांजेला लागूनच मिचेसी उभा आहे आणि त्याच्या पायथ्याला फालोंबे. एक पूल वाहून गेल्यामुळे गाडी नदीच्या पात्रातून काढावी लागली. पात्रात घराएवढे दगड पडले होते. ते मार्चपूर्वी तेथे नव्हते असे चालकाने सांगितले.

पाळकांच्या अंगणात गाडी थांबताच ते "सलाम, सलाम" म्हणत पुढे आले आणि आमच्या पाळकसाहेबांना त्यांनी मिठी मारली. रात्री मक्याच्या पिठाच्या उकडीसारखे घट्ट न्सिमा आणि वाळवलेले लहान मासे जेवलो. पाळकांच्या पत्नी, ज्यांना सारे गाव 'अमाई' म्हणून हाक मारते, त्यांनी आम्हांला आपली खोली दिली आणि त्या स्वतः मुलांसह स्वयंपाकघरात झोपल्या. आम्ही नको म्हणून पाहिले. त्यांनी ऐकले नाही.

गुरुवार, ६ जुलै : फालोंबे

आज मलावीचा स्वातंत्र्यदिन. १९६४ साली याच दिवशी हा देश स्वतंत्र झाला, म्हणून आज सगळी कार्यालये बंद होती. खोकी कोठे आहेत हे कळण्याचा मार्ग त्यामुळे आणखी एक दिवस लांबला. संध्याकाळी पाळकांनी १८६२ सालची एक हकिकत सांगितली. बिशप चार्ल्स मॅकेन्झी हे मागोमेरो येथील पहिल्या मिशनचे प्रमुख होते. लिव्हिंग्स्टन यांना भेटण्यासाठी ते एका सहकाऱ्यासह शिरे आणि रुओ नद्यांच्या संगमाकडे निघाले असता त्यांची होडी उलटली आणि औषधे, क्विनीनसकट, पाण्यात गेली. तरीही ते ठरल्या जागी थांबले. त्यांना ताप आला आणि ३१ जानेवारीला त्यांचे तेथेच निधन झाले. सहकारी मागोमेरोला परतला आणि तोही थोड्याच दिवसांत गेला. ती रुओ नदी मुलांजेच्या डोंगरातूनच उतरते.

ही गोष्ट सांगून पाळक गप्प झाले नाहीत. ते म्हणाले, "होडी उलटली ही देवाची इच्छा होती असे आमच्याकडची म्हातारी माणसे म्हणत नाहीत. होडी उलटली, एवढेच म्हणतात. मग पुढे कोण आले, हे सांगतात." मला हे सांगणे फार आवडले. विश्वासाच्या नावाखाली प्रत्येक अपघाताला सबब शोधण्याची जी सवय आपल्या साक्षींमध्ये शिरली आहे, ती दुःखात असलेल्या माणसाला एकटे पाडते असे माझे मत आहे.

शुक्रवार, ७ जुलै, आणि शनिवार, ८ जुलै

दोन्ही दिवस सरकारी आरोग्य केंद्राच्या ओट्यावर तपासणी केली. आपल्याकडे आशाताई करतात तसे काम करणारे येथील आरोग्य सहायक गावोगावच्या घरांची नोंद हातवहीत ठेवतात, आणि कोणत्या घरी अतिसार आहे व कोणत्या घरचे बाळ पुढच्या आठवड्यात लसीला यायचे आहे, हे त्यांना तोंडपाठ असते. मार्च २०२२पासून या देशात पटकीची मोठी साथ चालू होती आणि तिने सतराशेहून अधिक जीव घेतले. आता रुग्ण पुष्कळ कमी झाले असले तरी पुरात गढूळ झालेल्या विहिरींमुळे भीती गेलेली नव्हती. जलसंजीवनी आम्ही जपून दिली. अमॉक्सिसिलिन अधिक जपून दिले.

शनिवारी रात्री कंदिलाच्या उजेडात मी पाळकांच्या मुलांना नाशिकच्या शरणपूरची माहिती सांगितली, कारण तिचे दुसरे टोक त्यांच्याच देशात आहे. गुलामांच्या जहाजांतून सोडवलेल्या आफ्रिकी मुलांना एकोणिसाव्या शतकात शरणपूरच्या मिशनमध्ये आश्रय मिळत असे आणि तेथे ती शिकत. त्यांतलाच याओ जमातीचा जेकब वेनराइट पुढे लिव्हिंग्स्टन यांच्या शोधासाठी आफ्रिकेत परतला. चुमा नावाच्या मुलाची १८६१ साली याच शिरेच्या पठारावर सुटका झाली होती. त्याने मुंबईत डॉ. जॉन विल्सन यांच्या शाळेत शिक्षण घेतले आणि तेथेच बाप्तिस्मा घेतला. १ मे १८७३च्या सुमारास लिव्हिंग्स्टन यांचे निधन झाले, तेव्हा वेनराइटने अंत्यविधीचे वाचन केले. चुमा आणि सुसी या लिव्हिंग्स्टन यांच्या सेवकांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी तो देह महिनोन्महिने चालत समुद्रकिनाऱ्यापर्यंत नेला. मुलांनी वेनराइटचे नाव पुन्हा पुन्हा विचारून घेतले. मोठ्या मुलीने ते आपल्या वहीच्या मागच्या पानावर लिहिले आणि खाली "नाशिक" असे मला लिहायला लावले.

रविवार, ९ जुलै

देवालयाचे पत्रे वादळात उडाले होते आणि वर निळी ताडपत्री बांधलेली होती. वेदीच्या मागच्या भिंतीत मोठे भगदाड पडलेले असून त्यातून मिचेसी सबंध दिसतो. तांबड्या मातीचे लांब ओरखडे त्याच्या कड्यांवरून खालपर्यंत आलेले आहेत आणि त्यांतला एक देवालयापासून फार दूर नाही. उपासनेत एका वृद्ध वडिलांनी ४६वे स्तोत्र वाचले. पृथ्वी उलटीपालटी झाली, पर्वत ढळून समुद्राच्या पोटात गेले तरी आम्ही भिणार नाही, असे ते स्तोत्र म्हणते. मी ते पुण्यात असंख्य वेळा ऐकले आहे, आजारपणात, परीक्षांच्या आधी, अंत्यविधीत. तेथे पर्वत हे संकटाचे एक रूप असते. येथे वाचणाऱ्याच्या पाठीमागे तो पर्वत उभा होता आणि ऐकणाऱ्यांपैकी अनेकांची माणसे त्याच्याच मातीखाली होती. १९९१च्या मार्चमध्येही मिचेसीवरून असाच लोंढा आला होता आणि शेकडो माणसे गेली होती. या वृद्धांनी दोन्ही वेळा आपल्या माणसांना मूठमाती दिली आहे.

वाचन संपल्यावर त्यांनी डोळे पुसले नाहीत, आवाजही कापू दिला नाही. त्यांनी पुस्तक मिटले आणि मंडळीला उद्या सकाळी हातपंपाच्या ओट्यासाठी वाळू आणि खडी डोक्यावरून आणायची आहे, प्रत्येक घरातून एक माणूस यावा, अशी सूचना दिली. स्तोत्र आणि सूचना एकाच आवाजात आल्या. "भिणार नाही" हा शब्द उच्चारणाऱ्याने उद्याची वाळू मोजून ठेवलेली आहे, हे पाहिल्यानंतर त्या स्तोत्राविषयी मला नव्याने आदर वाटू लागला. भीती जाणवत नाही असा त्याचा दावाच नाही. भीती असतानाही उद्या सकाळी काय करायचे ते ठरलेले आहे, एवढे ते सांगते.

सोमवार, १० जुलै

काकांचा दिवस. येथे सर्वत्र ॲफ्रिडेव्ह हा हातपंप आहे. त्याच्या घडणीतली पहिली काही पावले १९८०च्या दशकाच्या आरंभी मलावीतच पडली. तो पंचेचाळीस मीटरपर्यंतच्या विहिरीतून पाणी काढतो आणि गावातल्या माणसाला एका पान्याने उघडता येतो. काकांना इंडिया मार्क दोन हाताखालचा, कारण त्याचा वंश त्यांच्याच जिल्ह्यातला आहे; जालना आणि सोलापूर येथील मिशनच्या विहिरींच्या कामातून जे दणकट हातपंप तयार झाले, त्यांच्यावरूनच पुढे इंडिया मार्क दोन घडला. काकांचे वडील त्या जालन्याच्या कामावर होते.

पंपाचे झाकण काढून त्यांनी आतल्या सळ्या एकेक करून वर ओढल्या. शेवटी दट्ट्या बाहेर आला तेव्हा त्यावरचे रबरी सील फाटून त्यात पुराची बारीक वाळू रुतलेली होती आणि दांड्याचे बेअरिंग एका बाजूने झिजून गेले होते. काकांनी ते सील बोटांत धरून पाणी समितीच्या बायकांना दाखवले, आणि नवे सील कोणत्या बाजूने बसवायचे ते प्रत्येकीकडून करवून घेतले. भाषा एकमेकांना येत नव्हती. समितीच्या खजिनदार बाईंनी दोनदा चुकीच्या बाजूने बसवले आणि तिसऱ्यांदा बरोबर बसवून पान्यासाठी हात पुढे केला. मग विहिरीत क्लोरीनचे द्रावण सोडले. ते रात्रभर राहू द्यायचे आणि उद्या वास जाईपर्यंत उपसायचे होते. काम सुरू करण्यापूर्वी काकांनी टोपी काढून मराठीत प्रार्थना केली आणि बायकांनी "आमेन" म्हटले.

मंगळवार, ११ जुलै

दुपारी दूरच्या पाड्यावरून एक आई आपल्या सात महिन्यांच्या मुलाला पाठीवर बांधून चालत आली. बाळाची छाती आत ओढली जात होती आणि श्वास मोजताना माझ्या घड्याळाचा काटा पुरेना. आम्ही विकत घेतलेल्या गोळ्या सकाळी संपल्या होत्या, केंद्रातील साठाही संपलेला होता. रुग्णालयात न्यायचे तर गाडीत डिझेल नव्हते. चालक ते आणायला गेला होता आणि परतला नव्हता. शेवटी दोन मोटारसायकली मिळाल्या. एकीवर आई आणि बाळ, दुसरीवर डॉक्टर, असे ते अंधार पडताना निघाले. मागे राहिलेल्या आम्ही सर्वांनी प्रार्थना केली. मी जितकी आर्जवे करू शकत होते तितकी केली.

बुधवार, १२ जुलै

बाळ पहाटे गेले.

रुग्णालयात जे करायचे ते सर्व करण्यात आले असे डॉक्टरांनी सांगितले आणि त्या एका कोपऱ्यात जाऊन बसल्या. खोकी वेळेवर आली असती तर बाळ वाचले असते का, हे मला सांगता येत नाही. ते आमच्याकडे येईपर्यंत फार उशीर झाला होता, असे एक परिचारिका म्हणून मला वाटते. पण "यातही देवाची काही योजना असेल" असे कोणी म्हटले असते तर मी ते सहन केले नसते. सकाळच्या प्रार्थनेला मी उभी राहिले आणि माझ्या तोंडून शब्द निघेना. पाळकसाहेब जवळ आले आणि म्हणाले, "सिस्टर, तुम्ही आज करू नका. आज आम्ही करतो. तुम्ही फक्त बसा." त्यांनी १३वे स्तोत्र वाचले, ज्यात दावीद देवाला किती वेळ, अजून किती वेळ, असे विचारतो. पवित्र शास्त्रात ही तक्रार प्रार्थना म्हणून लिहून ठेवलेली आहे. तिला कोणी अविश्वास म्हटलेले नाही, आणि आमच्या मंडळ्यांमधून ती फार क्वचित वाचली जाते याचे मला वाईट वाटते.

दुपारी दफन झाले. गावच्या पुरुषांनी खड्डा खणला. अमाई आणि महिला संघाच्या बायका आदल्या रात्रीपासूनच त्या घरात जमिनीवर बसून होत्या. निरोप येण्यापूर्वीच त्या गेल्या होत्या. आज रात्री मीही त्यांच्यात जाऊन बसले. त्या एकामागून एक गीत म्हणत होत्या, मध्ये थांबत होत्या, कोणी रडत होती, पुन्हा कोणी तरी सुरुवात करत होती. आईने एकही ओळ म्हटली नाही आणि तिने म्हणावी अशी कोणाची अपेक्षाही नव्हती. तिच्या वाटचे त्या म्हणत होत्या. मध्यरात्रीनंतर एका बाईने आपला चितेंजे, म्हणजे येथील बायका अंगाभोवती गुंडाळतात ते कापड, माझ्या खांद्यावर टाकला, कारण थंडी होती.

गुरुवार, १३ जुलै, ते शनिवार, १५ जुलै

गुरुवारी दुपारी काकांना हुडहुडी भरून ताप चढला. आरोग्य सहायकाने ओट्यावरच बोटातून रक्ताचा थेंब घेऊन तपासले आणि पंधरा-वीस मिनिटांत मलेरिया असल्याचे निदान झाले. आमच्याजवळ नसलेली औषधे त्याच्या पेटीत होती. आर्टेमेथर आणि ल्युमेफँट्रिन यांची संयुक्त गोळी तीन दिवसांत सहा वेळा घ्यायची असते, आणि ती स्निग्ध अन्नाबरोबर घेतली तरच नीट लागू पडते. म्हणून अमाईंनी शेंगदाण्याचे कूट घातलेली मक्याची पेज करून दिली आणि प्रत्येक मात्रेच्या वेळी, रात्रीच्या वेळीही, ती ताजी करून आणली.

पहिल्या रात्री ताप खूप होता. मी ओली पट्टी बदलत होते आणि काका अर्धवट शुद्धीत काही पुटपुटत होते. कान जवळ नेला तेव्हा ते १२१वे स्तोत्र म्हणत आहेत असे कळले, तेही ओळी गाळत आणि पुन्हा पहिल्या ओळीवर येत. सकाळी विचारले तर त्यांना काहीच आठवत नव्हते. "लहानपणी जालन्याच्या शब्बाथशाळेत पाठ केलं होतं, सिस्टर. चुकलं की बाई उभं करायच्या," एवढेच ते म्हणाले. आजकाल आम्ही मुलांना समजेल तेवढेच शिकवावे, पाठांतराचे ओझे नको, असे म्हणतो, आणि मीही ते सभेत ऐकून मान डोलावली आहे. पण शुद्ध हरपलेल्या माणसाच्या तोंडी जे उरले ते साठ वर्षांपूर्वी पाठ केलेले होते. बुधवारी माझी प्रार्थना बंद पडली तेव्हा दुसऱ्यांनी ती चालवली. काकांचे मन काम करीनासे झाले तेव्हा त्यांच्या जिभेने ती चालवली. संकटात प्रभूवर विसंबणे म्हणजे मनाने खंबीर राहणे, अशी जी आपली समजूत असते, तिच्यात या दोघांनाही जागा नसती.

तरुण संघाच्या मुलांनी या तीन दिवसांत काकांविना दुसरा हातपंप उघडला. पाणी समितीच्या त्याच खजिनदार बाईंनी सील बसवले. शुक्रवारी रात्री ताप उतरला. शनिवारी काका काठी टेकत पंपापर्यंत गेले, दांडा हलवून पाहिला आणि ओट्याचा उतार सांडपाणी विहिरीकडे नेणार नाही याची खात्री करून परतले.

रविवार, १६ जुलै, ते मंगळवार, १८ जुलै

रविवारी दोन्ही मंडळ्यांनी एकत्र प्रभुभोजन घेतले. ती आई आली होती आणि मागच्या रांगेत बायकांच्या मधोमध बसली होती. सोमवारी ब्लँटायरपर्यंत चालकाने सांभाळून ठेवलेल्या डिझेलवर आलो. विमान कंपनीच्या खिडकीवर पुन्हा चौकशी केली. खोकी दुसऱ्याच देशात उतरली असून परतीच्या मार्गावर आहेत असे कळले. अदिसच्या विमानतळावर आमच्यातल्या डॉक्टर प्रथमच त्या रात्रीविषयी, मोटारसायकलवरच्या त्या रस्त्याविषयी बोलल्या. त्यांनी सांगितले की वाटेत एका ठिकाणी आईने गाडी थांबवायला लावली होती, बाळाला उघडून पाहिले होते, आणि पुन्हा नीट गुंडाळून "चला" अशी खूण केली होती. आम्ही दोघी बराच वेळ बसून होतो. मंगळवारी पुण्याला पोहोचलो तेव्हा येथेही पाऊस होता.

ऑगस्ट २०२३ : पुणे

खोकी आम्ही परतल्यानंतर दुसऱ्या आठवड्यात ब्लँटायरला पोहोचली आणि पाळकांनी ती आरोग्य केंद्राच्या स्वाधीन केली. औषधांच्या मुदती शिल्लक होत्या, त्यामुळे ती वापरली जात आहेत. मंडळीपुढे अहवाल ठेवताना मी खोक्यांविषयी एवढेच सांगितले. पुढच्या वेळी औषधे येथून न्यायची नाहीत. पैसे आधी पाठवून तेथील पाळकांनी आणि केंद्राच्या प्रमुखांनी ती तेथेच घ्यायची, असा ठराव झाला.

पहिला हातपंप रोज चालू आहे. दुसऱ्याचे बेअरिंग पुन्हा आवाज करू लागले तेव्हा समितीने घराघरातून वर्गणी काढून नवे घेतले आणि स्वतः बसवले. मिचेसीच्या त्या बाजूला अजून तीन पंप गाळाने बंद आहेत आणि तिकडचा पावसाळा नोव्हेंबरात सुरू होतो. शनिवारी संध्याकाळी काका पाळकांच्या फोनवर समितीला कॅमेऱ्यातून पंप दाखवायला सांगतात. खजिनदार बाई दट्ट्या वर काढून फोनसमोर धरतात, काका बोटाने खूण करतात, आणि आमच्या तरुण संघातला एक मुलगा अडलेले शब्द लिहून घेत तिकडची चिचेवा भाषा शिकतो आहे.